स्वच्छ मातीची बरणी

गावाच्या उत्तरेला एक पांढरा डोंगर होता, आणि तो माणसांनी केलेला होता. खाणीतला दगड वर आणायचा, गिरणीत दळायचा, त्यातलं शिसं आणि जस्त काढून घ्यायचं आणि उरलेलं पीठ बाहेर नेऊन ओतायचं, असं एकसष्ट वर्षं चाललं. मग खाण बंद पडली, गिरणीचे पट्टे लिलावात गेले, डोंगर तेवढा राहिला. दुपारी वारा सुटला की त्याच्या माथ्यावरून पांढरा पदर उडाल्यासारखं काहीतरी उठायचं, घटकाभर हवेत तरंगायचं, आणि मग कुठे उतरायचं ते कुणाला दिसत नसे. परगावचे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढायचे. गावातले लोक खिडक्या लावून घ्यायचे.

खाण बंद पडल्यावर गावात माती तपासायची एक छोटी प्रयोगशाळा निघाली. पहिल्या दिवसापासून तिथे काम करणाऱ्या बाईला घरात थोरली म्हणत आणि कामावर मातीबाई. काम साधं होतं. लोकांच्या अंगणातली, शाळेच्या मैदानातली माती आणायची, भट्टीत वाळवायची, चाळायची आणि यंत्रात घालून बघायची. यंत्र जुनं होतं. ते नुसता आकडा सांगत नसे. एका मातीशी दुसरीची तुलना करून दाखवत असे, बस. म्हणून रोज सकाळी आधी बरणीतली स्वच्छ माती त्यात घालायची आणि काटा 'एक'वर आणून ठेवायचा. मग लोकांची माती. काटा तीनच्या आत राहिला तर हिरवी चिठ्ठी, सुरक्षित. तीनच्या पुढे गेला तर लाल.

बरणीतली स्वच्छ माती पूर्वी बाहेरून, सीलबंद डब्यातून यायची. बारा वर्षांपूर्वी डबा संपला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी नव्या डब्यासाठी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "मातीबाई, कुठून तरी चांगली माती आणा हो. पुस्तकात बघून आणा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तोंड दाखवता येईल."

पुस्तकात तीन अटी होत्या. खाणीपासून लांब, उंचावर, आणि डोंगरावरचा वारा जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला. थोरलीने नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. तिन्ही अटींत बसणारी एकच वस्ती निघाली, आणि त्या वस्तीत एकच आवार असं होतं की जिथे कधीही जाऊन, कुणाची मनधरणी न करता खणता आलं असतं. ती तिच्या वडिलांची बाग होती. तिथल्या गाजराच्या वाफ्यातून तिने बरणी भरली. बरणी संपली की पुन्हा भरली. बारा वर्षांत तिने नऊशे बारा हिरव्या चिठ्ठ्यांवर सही केली आणि सदतीस लाल. गाव निवांत होतं.

नवं यंत्र आलं ते एका मंगळवारी. हातात धरायचं, ड्रिल मशीनसारखं दिसणारं. मातीवर टेकवून अर्धा मिनिट घोडा दाबून धरला की पडद्यावर थेट आकडा, मातीच्या दहा लाख भागांत शिसं किती ते. त्याला तासाभरात 'बंदूक' हे नाव पडलं. साहेबांनी आधी आपल्या घड्याळावर टेकवलं, मग चहाच्या कपावर. थोरली म्हणाली, "साहेब, खेळ झाला असेल तर आधी बरणीवर लावून बघते. तिथून सुरुवात केलेली बरी."

आकडा आला सहाशे चाळीस.

"बिघडलेलं पाठवलंय," साहेब म्हणाले. "माझं नशीबच असं."

यंत्राबरोबर तपासणीसाठी एक चकती आली होती, तिच्यात शिसं किती ते वर छापलेलं होतं. थोरलीने चकती लावली. छापलेलाच आकडा आला. पुन्हा बरणी. सहाशे छत्तीस. पुन्हा चकती, पुन्हा बरणी, पाच वेळा. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की न ढवळलेल्या मातीत साधारण वीस-पंचवीस असतं, आणि मुलं जिथे खेळतात तिथे दोनशे म्हणजे काळजीची गोष्ट.

ती खुर्चीवर बसली. खोलीत काहीच बदललं नव्हतं. भट्टीचा दिवा लाल, चाळण्या आकारानुसार टांगलेल्या, खिडकीबाहेर तो पांढरा पदर हवेत पसरत चाललेला. पण सगळं थोडं लांब गेलं होतं, जसं पाण्याच्या तळाशी बसून वरचं जग बघावं. 'एक' म्हणजे एक नव्हतंच. खऱ्या स्वच्छ मातीच्या हिशेबाने ते 'एक' पंचवीसपट होतं. काट्याने ज्या अंगणाला 'दोन' दाखवलं, तिथे हजाराच्या वर होतं, आणि त्या घरच्या भिंतीवर तिच्या सहीची हिरवी चिठ्ठी होती.

नंतर तिला धाकटीची आठवण झाली.

धाकटी बहीण सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिला डोहाळे लागले होते ते मातीचे. तीन आठवड्यांपूर्वी थोरलीने तिला वाफ्यातली ओली चिमूट जिभेवर ठेवताना पकडलं होतं. धाकटी लाजून लाल झाली होती. आणि थोरली हसून म्हणाली होती, "खायचीच असेल तर आपलीच खा बाई. अख्ख्या गावात हिच्याइतकी स्वच्छ माती नाही. माझ्या सहीशिक्क्याची आहे."

ती बंदूक पिशवीत घालून निघाली. चढावरची वाट रोजचीच होती, पण त्या दुपारी ती संपेना. पाय आपसूक पडत होते. मध्येच तिला वाटलं, आपण पुन्हा आठ वर्षांच्या आहोत आणि बाबा पाळीवरून येतायत. ते खाणीत पंपावर होते. संध्याकाळी घरात शिरले की त्यांच्या भुवयांत, कानामागे, मनगटावरच्या केसांत बारीक चांदी चमकायची. आई दारातच म्हणायची, "आले चांदीचे नवरदेव! आधी मोरीत जा." आणि दोघी बहिणी मोरीच्या दाराशी उभ्या राहून ओलसर जमिनीवरची ती चमक बोटाने टिपायच्या.

बागेत धाकटी बाकावर पाय पसरून बसली होती. अनवाणी. गालात काहीतरी होतं.

"आज लवकर? बडतर्फ केलं का?"

"थुंक ते," थोरली म्हणाली.

"काय?"

"तोंडातलं थुंक. आणि पुन्हा खाऊ नकोस."

"तूच तर म्हणालीस, सहीशिक्क्याची आहे म्हणून."

थोरलीने तोंड उघडलं. मनात होतं ते ओठावर येईना. "जंत होतात," ती म्हणाली. "कच्च्या मातीत जंत असतात. मी वाचलं."

"बारा वर्षं शिक्के मारत होतीस तेव्हा जंत सुट्टीवर गेले होते वाटतं?" धाकटी हसली, पण थुंकली. नळावर जाऊन चूळ भरली आणि आत आडवी झाली. बाबा दारात उभे राहून हे ऐकत होते. ऐकत होते हे थोरलीच्या ध्यानात आलं नाही.

धाकटीचा डोळा लागल्यावर थोरलीने बंदूक काढली. फाटकापाशी, जिथे कधी काही लावलं नव्हतं, तिथे टेकवली. एकतीस. कुंपणाशी, अठ्ठावीस. गाजराच्या वाफ्यात, सातशे दहा. पालकाच्या वाफ्यात सहाशे नव्वद. म्हणजे वारा निर्दोष होता. पुस्तकाच्या तिन्ही अटी खऱ्या होत्या. शिसं उडून आलं नव्हतं, कुणीतरी हाताने आणलं होतं.

बाबा काठी टेकत बाहेर आले.

"हे काय नवीन?"

"मोजायचं यंत्र. बाबा, या वाफ्यांत तुम्ही काय घातलंय?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून ते जन्मभर थांबले असावेत. "वाळू. गिरणीची. इथली जमीन चिकट, गाजरं वाकडी यायची, एकेकाला तीन तीन पाय. शनिवारी पाळी सुटताना प्रत्येकाला एक पोतं न्यायची मुभा होती. तुझ्या आईला गाजर सरळ लागायचं, सोलायला. सहा वर्षं वाहिली पाठीवरून. आता बघ." त्यांनी वाकून एक गाजर उपटलं, बाहीला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. सरळसोट होतं. "अशी गाजरं कुणाकडे आहेत सांग."

थोरलीने गाजर हातात घेतलं. थंड होतं, ओलं होतं, त्याला छान वास होता. पुस्तकाने वारा विचारला होता, उंची विचारली होती, अंतर विचारलं होतं. तीस पावलांवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचार, असं त्यात कुठेच नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

"कुणाकडेच नाहीत," ती म्हणाली आणि गाजर पिशवीत टाकलं.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही, आणि पहाटे लागली तेव्हा डोळ्यांपुढे नुसत्या चिठ्ठ्या येत राहिल्या. भिंतींवरून सुटलेल्या, हिरव्या, झाडाची पानं गळावीत तशा सावकाश खाली येणाऱ्या. ती ओंजळ पुढे करून उभी होती. एकही तिच्या हातात पडत नव्हती.

सकाळी तिने साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला सात महिने राहिले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघा. नवं यंत्र आलंय. आजपासून नवे आकडे. बरणी उचला आणि मागच्या नाल्यात ओता. जुनं यंत्र भंगारात जाईल, त्याबरोबर जुनं 'एक' पण जाईल. कुणाला काय कळणार आहे?"

"नाल्यात नको ओतायला, साहेब. ती आता घातक कचऱ्यात मोडते."

साहेबांना हसू फुटलं आणि मग ते हसू मध्येच अडकलं. "विनोद करू नका हो. नऊशे घरं आहेत. उद्या सगळी दारात येतील. सही माझीपण आहे खाली."

"हो. वर माझी आहे."

"मग? तुमच्या घरचं काय ते घरात मिटवा. बहिणीला सांगा, खाऊ नको. झालं. तिला कारण कशाला हवं?"

थोरलीला ते पटलं. खरं सांगायचं तर फार पटलं. साहेबांचा आवाज हळू होता, खिडकीतून ऊन येत होतं, आणि त्या उन्हात ती गोष्ट इतकी सोपी दिसत होती की हात लांबवून उचलावी. जंताचं कारण धाकटीला पुरलंच होतं. बाबांना काही कळायची गरज नव्हती. बागेतली माती एखाद्या रविवारी बदलता आली असती. हळूहळू, एकेक घर पुन्हा मोजता आलं असतं, काही न बोलता. असं मनाशी घोळवतच ती जेवायच्या सुट्टीत घरी गेली.

घरात भाजल्याचा वास होता. धान्य भाजल्यासारखा, पण धान्याचा नव्हे.

स्वयंपाकघरात बाबा शेगडीपाशी उभे होते. तव्यावर मातीचे सुपारीएवढे खडे होते, आणि ते चिमट्याने एकेक उलटत होते. बाजूला ताटलीत भाजून झालेले, तांबूस पडलेले पंधरा-वीस खडे निवत ठेवले होते. धाकटी पाटावर बसून त्यातला एक चघळत होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं सुख होतं की बघणाऱ्याने पाऊल न वाजवता परत फिरावं.

"ये," बाबा म्हणाले. "तू जंतांचं म्हणालीस ना काल? सकाळपासून भाजतोय. पार मेले आता. डोहाळे असे अडवू नयेत, पोरीचा जीव खंतावतो. बरणीत भरून देतो तिला, महिनाभर पुरतील."

"ताई, कसली लागतात माहितीये!" धाकटी डोळे न उघडता म्हणाली.

थोरलीने पुढे होऊन तिच्या हनुवटीखाली हात धरला. लहानपणी आई धरायची तसा. "थुंक. धाकटे, थुंक गं. त्यात शिसं आहे."

धाकटीने डोळे उघडले.

"जंत नाहीत. मी खोटं बोलले. शिसं आहे, ते भाजून जात नाही. धुऊन जात नाही. माझं चुकलं. मी जिला स्वच्छ म्हणत होते ती स्वच्छ नाही. बारा वर्षं मी चुकीच्या मातीला स्वच्छ म्हणत होते."

तिच्या तळहातावर तो अर्धा विरघळलेला खडा पडला. तव्यावरचे खडे आपले भाजत होते. मग बाबांनी शेगडी बंद केली.

"माझी वाळू," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"हो."

"तिच्या बाळाला?"

"माहीत नाही, बाबा. रक्त तपासायला हवं. आज."

धाकटी एकदम रडायला लागली, आणि रडता रडता ओरडली, "काल का नाही सांगितलंस? काल! सकाळपासून मी किती खाल्ले, मोज ना आता, तुला मोजता येतं ना!"

तिने आणखी बोलावं असं थोरलीला वाटत होतं. पण धाकटी उठली. पायात चप्पल अडकवून दारापाशी जाऊन उभी राहिली, पोटावर दोन्ही हात ठेवून.

रक्ताचा निकाल तिसऱ्या दिवशी आला. शिसं होतं, असायला नको इतकं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आईच्या रक्तात ते बाळाकडे जातं. किती गेलं आणि त्याने काय होईल, हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. खाणं थांबलं, ही चांगली गोष्ट. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांनी तपासणी. "वेळेत कळलं असं म्हणू का?" थोरलीने विचारलं. "लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

त्याच संध्याकाळी थोरलीने वरच्या कार्यालयाला दीड पानाचं पत्र लिहिलं. बरणीतली माती कुठली, ती का निवडली, चूक काय झाली, किती चिठ्ठ्या रद्द होतात. विशेषण एकही घातलं नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं आणि लावलं, आणि शेवटी खाली सही केली. "सात महिने," ते म्हणाले. "सात महिने थांबली असती तुमची ही बरणी तर काय बिघडलं असतं तिचं?"

पत्र गेलं. नऊशे बारा घरं एकटीने पुन्हा मोजायला तिला हिशेबाने चौदा महिने लागणार होते. कुठून सुरुवात करावी ते कळेना. बाबा चार दिवस कुणाशी बोलले नव्हते. गाजरं उपटून त्यांनी पोत्यात भरली होती आणि पोत्याचं तोंड शिवून टाकलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून अंगणात उभे राहिले.

"तुझी यादी घराच्या नंबरांची आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे पोत्यांची आहे."

"कसली यादी?"

"कुणी किती नेली, कुठे टाकली. शनिवारी फाटकावर रांग लागायची, मी पंप बंद करून सगळ्यात शेवटी निघायचो. मी सगळं बघितलंय. कुणाच्या गिलाव्यात आहे, कुणाच्या गच्चीवरच्या कुंड्यांत आहे. तुला ते पुस्तकात मिळायचं नाही. चल."

"बाबा, लोक तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. धाकटी बोलत नाहीये, ते फार आहे."

ते निघाले. म्हातारा काठीने दाखवायचा आणि थोरली बंदूक टेकवायची. हे घर, दोन पोती, जोतं भरायला. आकडा. ते घर, चार पोती, पायवाटेखाली. आकडा. एका घरचा जावई अंगावर धावून आला, एका म्हातारीने दोघांना पाणी दिलं. दुपार चढत गेली तसे रस्ते रिकामे झाले, आणि त्या पांढऱ्या उजेडात गाव एखाद्या घासून पुसट केलेल्या चित्रासारखं दिसायला लागलं. त्यात बाबांची काठी तेवढी ठळक, ठक ठक करत पुढे चाललेली. ती बालवाडीच्या फाटकाशी थांबली.

आत, मैदानाच्या मधोमध, विटांच्या कठड्याचा हौद होता. त्यात अकरा मुलं बसून डबे भरत होती आणि उपडे करत होती. थोरलीने हे मैदान दोनदा तपासलं होतं. नियमाप्रमाणे चार कोपऱ्यांतून माती घेतली होती. मधला हौद कुठल्याच कोपऱ्यात येत नव्हता.

"किती, बाबा?"

"तेरा पोती. धाकटी इथे जायला लागली त्या वर्षी. तिला वाळूत खेळायला आवडायचं."

बालवाडीच्या बाई हसतमुखाने बाहेर आल्या. "अरे, पंपवाले आजोबा! या ना. आमच्या आधीच्या बाई अजून भेटल्या की तुमचं नाव काढतात. एवढी सुंदर वाळू फुकट कोण देतं, म्हणतात. तुम्ही पाटीसुद्धा लावू दिली नाहीत."

थोरलीने कठड्यावर गुडघा टेकला आणि बंदूक वाळूवर धरली. मुलं बघायला जमली. "हे काय आहे?" "आवाज का येत नाही?" अर्धं मिनिट झालं. चार हजार शंभर.

तिने बोलायला मान वर केली, पण बाबांनी हात केला.

"बाई, ती वाळू विषारी आहे," ते म्हणाले. "मी आणली. तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्ही माझं नाव सांगता ना लोकांना? आता पण सांगा. मुलांच्या आईबापांना सांगा की कुणी आणली ती."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, जसं दिवा गेल्यावर काच राहते. त्या आधी बाबांकडे बघत राहिल्या, मग थोरलीकडे. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज नेहमीसारखाच ठेवला. "चला, चला, सगळ्यांनी बाहेर. डबे तिथेच ठेवा. नळापाशी रांग."

रांग लागली. बाई रजिस्टर आणायला आत गेल्या; घरोघरी फोन करायचे होते. थोरली मुलांची नावं एकेक करून लिहून घेऊ लागली, वय, किती महिन्यांपासून येतात. बाबा नळाशी उकिडवे बसले. सत्तरीत असं बसणं सोपं नव्हतं. त्यांनी साबण घेतला आणि पहिला हात धुतला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत. मग दुसरा. मग पुढचं मूल.

सातवी एक मुलगी होती, चारेक वर्षांची. तिने उजवा हात पुढे केला, डावा पाठीमागे ठेवला. मूठ घट्ट मिटलेली होती.

"तो पण दे," बाबा म्हणाले.

मुलीने मान हलवली.

मुठीत काय आहे ते दोघांनाही माहीत होतं. नळ वाहत होता. म्हाताऱ्याने घाई केली नाही. ओला हात पुढे धरून तो तसाच बसून राहिला.